पुढं काय झालं, ते रात्री पाहा

नवरगावच्या व्यंकटेश नाट्य मंडळाचं एक गाजलेलं नाटक आहे, सदानंद बोरकरांचं: 'माझं कुंकू मीच पुसलं'. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत हे नाव भोंग्यावरून एकदा गावात फिरलं की निम्मं काम झालेलं असतं. कुंकू पुसलं म्हणजे नवरा गेला, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण स्वतःच्या हातानं? का? तिनंच काही केलं की काय? नाटक सामाजिक धाटणीचं, नावाची चाल मात्र रहस्यकथेची. एक घर, एक मरण, एक संशय आणि न सुटलेला प्रश्न, एवढं सगळं चार शब्दांत. थरारपटाचा ट्रेलर कापणारा माणूस दोन-अडीच मिनिटं खर्च करून नेमकं हेच साधू पाहतो.

त्या ट्रेलरचे संकेत आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. आधी सुखाचं, ओळखीचं जग. मग त्याला गेलेला एक तडा. मग प्रश्न, मग वाढता वेग, एकाएकी काळोख आणि शांतता, पडद्यावर सिनेमाचं नाव, आणि संपलं असं वाटत असतानाच एक शेवटचा धक्का. हे सारं हॉलिवूडकडून आलं असं सरसकट म्हटलं जातं. चंद्रपूर-गडचिरोलीकडून पाहिलं तर ते अर्धंच खरं आहे. इथं हे संकेत दोन वाटांनी आले. त्यातली एक वाट इथल्याच मंडईतून निघते. दुसरी इथल्या नदीकाठून निघून लंडन आणि लॉस एंजेलिसला वळसा घालून परत आली.

पहिली वाट आधी. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागला की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मंडई नावाच्या जत्रा भरू लागतात, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट रंगतात आणि नाटकांचा हंगाम उभा राहतो. तो होळीपर्यंत चालतो. या व्यवसायाची राजधानी म्हणजे वडसा, सरकारदरबारी देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं हे गाव. इथं कंपन्यांची कार्यालयं आहेत, गावोगावची मंडळं इथं येऊन नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात. नाटक रात्री साडेनऊ-दहाला सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. मोठ्या मंडईच्या किंवा पटाच्या दिवशी एकाच गावात दोन-तीन नाटकं शेजारीशेजारी लागतात. प्रेक्षक तोच, रात्र एकच, तिकीट मात्र एकाच मंडपाचं काढायचं. जाहिरातीची कला अशा चढाओढीतच धारदार होते.

दुपारी गावात येणारी नाटकाच्या जाहिरातीची जीप जवळून पाहण्यासारखी असते. टपावर दोन भोंगे, दोन्ही बाजूंना फ्लेक्स, पुढच्या सीटवर माईक धरलेला माणूस. त्याचा क्रम ठरलेला. आज रात्रौ, अमुक गावच्या पटांगणात. मग कंपनीचं नाव. मग नाटकाचं नाव, एकदा सावकाश, एकदा चढ्या आवाजात, तिसऱ्यांदा शेवटचं अक्षर लांबवत. मग नटनट्यांची नावं. त्यात कुणी नागपूर-मुंबईहून येणारी असली तर आधी ती. मग कथा, पण अर्धीच: बाप देवमाणूस, मुलगा वाया गेलेला, घरात सून आली, आणि एका रात्री... इथं आवाज खाली येतो. क्षणभर भोंगा नुसता खरखरतो. त्यानंतर लगेच तिकिटाचे दर आणि बसण्याची सोय. पुढं काय झालं, ते रात्री पाहा.

ती खरखर मला फार मोलाची वाटते. संगीत तोडून दिलेली शांतता ही आजच्या थ्रिलर ट्रेलरची सर्वांत महागडी युक्ती मानली जाते. ती इथं एका माणसानं माईकवरचा श्वास रोखून साधलेली आहे. छापील पत्रकाचीही अशीच शिस्त असते. नायक मधोमध, रडवेली नायिका एका बाजूला, खलनायकाचे डोळे सगळ्यांच्या वर, विनोदी नट खालच्या कोपऱ्यात, कुठं आगीची ज्वाळ, कुठं रक्ताचा शिंतोडा. ऑर्गन आणि तबला कुणाचा, तेही छापलेलं. वाचता न येणाऱ्यालाही चेहऱ्यांच्या मांडणीवरून कळतं की आज रडायचं आहे, हसायचं आहे की धसकायचं आहे. परशुराम खुणे यांच्यासारख्या नटाचं तर नावच जाहिरात होतं. कुरखेडा तालुक्यातल्या या कलावंताला 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. विनोदी भूमिकांमुळे लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. त्यांचं नाव भोंग्यावर आलं की नाटक कितीही रक्ताळलेलं असलं तरी अधूनमधून श्वास घ्यायला जागा मिळणार, याची हमी असे.

यामागे आणखी जुनं काही आहे. नाटकाआधी झाडीत दंडार होती, खडी गंमत होती, या इथल्या लोककला. तिथं ढोलकीच बोलावणं करायची. भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाच्या आरंभी प्रेक्षकाची उत्सुकता चाळवण्यासाठी 'प्ररोचना' नावाचं स्वतंत्र अंग सांगितलं आहे. आजचं नाटक कोणतं, कुणाचं आणि ते का पाहावं, हे सूत्रधारानं सांगायचं. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं आणि 1880 मध्ये पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' उभं राहिलं, तेव्हा सूत्रधार रंगमंचावर होताच. झाडीत नाटक रुजलं तेव्हा सूत्रधाराचं ते काम मंडपाबाहेर पडलं आणि पुढं जीपमध्ये जाऊन बसलं, असं मी मानतो.

मराठी सिनेमावाल्यांनीही आधी ही हाक उचलली. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये आला. अल्प पैशांत तासन्‌तास नाटक पाहायची सवय असलेल्या लोकांपुढं हा तासा-दीड तासाचा खेळ कसा मांडावा, हा त्यांच्यापुढचा पेच. त्यांनी जाहिरातीत हिशेबच घातला: 57 हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, दर फक्त तीन आणे. कथेबद्दल चकार शब्द नाही, नुसता अचंबा विकला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी पुढची पायरी गाठली. त्यांच्या 1924 च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे भारतीय चित्रपटाच्या टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांपैकी एक. आता प्रेक्षकाला एकच थिजलेला क्षण दाखवायचा आणि त्याच्या आधीचं-नंतरचं त्यानंच मनात रचायचं.

आता दुसरी वाट. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडाऱ्यावरून खाली येते, वडशाजवळून वाहते, चंद्रपूर आणि गडचिरोलीची सीमा आखते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. रुडयार्ड किपलिंगच्या 1894 मध्ये लंडनला निघालेल्या 'जंगल बुक'मध्ये मोगलीचं रान आहे ते या नदीच्या वरच्या अंगाचं, सिवनीकडचं. त्यातल्या शेरखानाची गर्जना जगभरच्या मुलांच्या कानांत बसली. पाठोपाठ सिनेमा आला. 1913 च्या डिसेंबरअखेर अमेरिकेत 'द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन' ही सीलिग कंपनीची चित्रमालिका सुरू झाली. नायिका कॅथलिन विल्यम्स, कथा भारतातल्या 'अलाहा' नावाच्या कल्पित संस्थानातली. जनावरं मात्र सीलिगच्या लॉस एंजेलिसमधल्या प्राणिसंग्रहातली. प्रत्येक भाग नायिकेला संकटात सोडून संपायचा आणि सुटका पाहायला प्रेक्षक पुढच्या खेळाला यायचा. 'पुढं काय' या युक्तीचा सिनेमातला हा अगदी सुरुवातीचा मोठा प्रयोग, आणि त्यासाठी निवडलेलं भय होतं आपल्याकडचं रान.

त्याच 1913 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोव थिएटर साखळीच्या निल्स ग्रॅनलंडनं 'द प्लेझर सीकर्स' या संगीतिकेच्या जाहिरातीसाठी छोटी फिल्म जोडून दाखवली. ट्रेलरचा इतिहास तिथून मोजतात. थ्रिलरच्या ट्रेलरला स्वतःचं व्याकरण मिळायला मात्र बराच काळ गेला. 1960 मध्ये हिचकॉकनं 'सायको'साठी सहा मिनिटांहून लांब ट्रेलर केला. त्यात तो स्वतः मोटेल आणि शेजारचं घर हिंडून दाखवतो. जिन्यापाशी थांबतो, काहीतरी भयंकर सांगायला लागतो आणि अर्ध्यावर सोडतो. शेवटी न्हाणीघराचा पडदा सर्रकन ओढतो आणि किंकाळी येते. मी तो पाहिला तेव्हा मला जीपमधला माणूसच आठवला. तोच आव, तोच थबकणारा आवाज. 1979 च्या 'एलियन'च्या ट्रेलरनं माणसाचा आवाजच काढून टाकला आणि सगळा भार आवाजांच्या थरांवर टाकला. 2010 च्या 'इन्सेप्शन'नंतर तो खर्जातला, छातीत घुमणारा भोंग्यासारखा ठोका इतका पसरला की आता कुठल्याही भाषेतला थरारपट त्याच्याशिवाय सुरूच होत नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या थिएटरमालकांच्या संघटनेनं ट्रेलर दोन मिनिटांत आटोपा, असं सांगितलं. लोक कंटाळले होते, कारण लांब ट्रेलर सगळं सांगून टाकत होते.

आणि हे व्याकरण फिरून आमच्या रानात आलं. रानात घडणाऱ्या कुठल्याही थरारपटाची झलक पाहा. वरून उडत्या कॅमेऱ्यानं टिपलेली धुक्यातली झाडी, एकटी गाडी, कंदील घेऊन चाललेला म्हातारा, झुडपातली हालचाल, डरकाळी. हे लॉस एंजेलिसच्या पिंजऱ्यातलं रान आहे. इथल्या माणसाला ते परकं वाटतं. त्याच्यासाठी रान म्हणजे मोहफूल, तेंदूपत्ता, सरपण, बांबू. भय त्यालाही आहे आणि ते खरं आहे. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. आज सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीच्या गावांना शिवारात वाघ असणं ओळखीचं झालं आहे. वनखात्याची गाडी नाटकाच्या जीपसारखाच भोंगा लावून सांगत फिरते: एकट्यानं जाऊ नका, पहाटे रानात शिरू नका. पण मोह वेचायचा तो पहाटेच. वाकून वेचणारी बाई पाठमोरी असते, तिची उंची निम्मी झालेली असते, आणि वाघ डरकाळी फोडून येत नाही. आधी कळतं ते झाडावरच्या वानरांना. त्यांचा खाकरल्यासारखा इशारा होतो, मग चितळाचा. नंतर सगळं गप्प.

थ्रिलरचा ट्रेलर करणाऱ्याला याहून चांगला ध्वनिपट कुणी रचून द्यायचा? ओळखीचं जग आहे, तडा आहे, इशारा आहे, शांतता आहे. वाघ दाखवायचीसुद्धा गरज नाही. संकेत मोडावेत असं माझं म्हणणं नाही; संकेत म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो. पण शब्द द्यायचा तर तो इथल्या आवाजात द्यावा. अमित मसूरकरांनी 2017 च्या 'न्यूटन'मध्ये दंडकारण्यातली निवडणूक आणि 2021 च्या 'शेरनी'मध्ये वाघीण व तिच्यामागं लागलेली माणसं दाखवली, ती राक्षसी रान उभं न करता. त्यांचाच पाठिंबा लाभलेला तृषांत इंगळेंचा 'झॉलीवूड' 2022 मध्ये आला, तो तर थेट झाडीपट्टीच्या नाटककंपन्यांवर. म्हणजे वाट आहे.

झाडीपट्टीच्या नाटकांची झलक आता मोबाइलवरही फिरते. फोटोंवर फोटो सरकतात, वीज कडाडते, तोच खर्जातला ठोका वाजतो, आणि वर कुणाचा तरी निवेदनाचा आवाज. ठोका विकतचा आहे, आवाज जीपमधला आहे. यातलं काय टिकेल, याचा निकाल वडशातच लागतो. मुंबईचा सिनेमा फसव्या ट्रेलरवर पहिले तीन दिवस गल्ला करून निघून जाऊ शकतो. झाडीपट्टीच्या कंपनीला ती मुभा नाही. भोंग्यावर खून सांगितला आणि रात्री नुसती रडारड झाली, तर पहाटे मंडपातून उठणारी माणसं ते बोलत घरी जातात. पुढच्या दिवाळीत त्या गावचं मंडळ वडशाला येतं, कार्यालयांच्या पाट्या वाचत रस्त्यानं चालतं, आणि त्या कंपनीच्या दारावरून पुढं जातं.