खाज आणि दुर्लक्षित पेशी

इसबामुळे रात्रभर खाजवणाऱ्या बाईला घरात दोनच गोष्टी ऐकाव्या लागतात: ‘खाजवू नकोस’ आणि ‘स्वच्छता ठेव’. पण ही खाज थांबवणं तिच्या हातात असतं का? याचं उत्तर शोधायला शास्त्राला साडेतीनशे वर्षं लागली. तोच इतिहास आज आपण पाहू.

१६६० साली साम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने खाजेची व्याख्या केली: खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी जाणीव. पुढे मात्र बराच काळ खाज म्हणजे सौम्य वेदना, असंच मानलं गेलं. खरं तर वेदना शमवणारं मॉर्फिनच कित्येकांना खाज आणतं. अखेर १९९७ साली मार्टिन श्मेल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या त्वचेत खाजेचा संदेश नेणारे मज्जातंतू वेगळे ओळखून दाखवले.

दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुडॉल्फ फिर्खो यांनी मज्जातंतूंच्या भोवतीच्या भागाला ‘ग्लिया’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरस, म्हणजे चिकटवण्याचा पदार्थ. या आधारपेशींचं काम नुसतं धरून ठेवण्याचं, असा समज त्यामुळे रुजला. घर सांभाळणारीचं काम कुणाच्या हिशेबात येत नाही, तसंच काहीसं!

२०१५ साली जपानच्या क्युशू विद्यापीठातील माकोतो त्सुदा यांच्या गटाने या दोन्ही गोष्टी जोडल्या. त्वचारोग झालेल्या उंदरांमध्ये, खाजणाऱ्या जागेचे संदेश मज्जारज्जूत जिथे पोचतात, तिथल्या ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी दीर्घकाळ उत्तेजित राहिलेल्या दिसल्या. त्या लिपोकॅलिन-२ नावाचं प्रथिन जास्त तयार करत होत्या आणि त्यामुळे खाजेचा संदेश अधिक तीव्र होत होता. या पेशींमधली उत्तेजनाची क्रिया रोखल्यावर उंदरांचं खाजवणं कमी झालं.

हे संशोधन उंदरांवरचं आहे, म्हणून त्यावरून लगेच औषध हाती येत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. जुनाट खाज फक्त कातडीत नसते, ती मज्जासंस्थेतही घर करते. ती निव्वळ सवय नव्हे आणि अस्वच्छतेची खूण तर नव्हेच.

म्हणून सहा आठवड्यांहून जास्त काळ खाज राहिली, तर मनाने मलमं लावत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नखं कापलेली ठेवा, त्वचा कोरडी पडू देऊ नका. आणि घरात कुणी खाजवत असेल, तर तिला रागावण्याआधी तिच्यासोबत दवाखान्यात जा.