तिपाईसाठी घर शोधताना

गेल्या श्रावणात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक कुत्री येऊन पडली. मागचा उजवा पाय कोणा वाहनाखाली चेंगरला होता. पशुवैद्यांनी तो मांडीपासून काढून टाकला. सोसायटीतील मुलांनी तिचे नाव ठेवले तिपाई. नाव निर्दय वाटले तरी तेच रूढ झाले. पंधरवड्यात ती तीन पायांवर अशी धावू लागली की पायाची कीव करणारे आम्हीच ओशाळलो.

आम्ही उभयता तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीस लिफ्ट नाही. दोघांचेही वय पासष्टीच्या पुढचे. रोज दोन वेळा तिला उचलून जिने चढणे-उतरणे काही दिवस जमले. खरी अडचण निराळीच निघाली. एका सायंकाळी आम्ही दोघेही सभेच्या व्याख्यानास गेलो. परत आलो तो दाराची खालची फळी नखांनी सोललेली, तिचे पंजे रक्ताळलेले, आणि जिन्यात शेजारी मंडळी उभी. दीड तास ती अखंड रडत होती. तिच्या गळ्यावर जुन्या पट्ट्याचा घासलेला वळ होता, तेव्हा कधीतरी ती कोणाच्या घरची असावी. डॉक्टरांनी या विकाराचे नाव सांगितले, ‘सेपरेशन अँग्झायटी’. विरहव्यथा म्हणावी तर आपल्याकडे ती काव्यातील नायिकांना होते. आम्ही हसलो, हे कबूल केले पाहिजे. डॉक्टर हसले नाहीत.

घर शोधणे सुरू झाले. सभेच्या बैठकीत विषय काढताच धर्मराजाचा श्वान निघाला. स्वर्गाच्या दारी त्याने कुत्र्याला टाकले नाही, यावर तीन सभासद सुरेख बोलले. तिपाईला घेण्यास मात्र कोणी पुढे आले नाही. बहुतेकांचा सल्ला एकच होता : पांजरपोळात ठेवा. पस्तीस वर्षे सरकारी दप्तरांत गेल्यामुळे कोणताही शेरा आला की मूळ कागद पाहण्याची आम्हांस खोड आहे. म्हणून या पांजरपोळाचे मूळ शोधू लागलो.

ते फार दूर नाही. बडोद्याहून दोन तासांच्या वाटेवर खंबायत आहे. १५८३ साली लंडनहून निघालेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच खंबायतविषयी लिहितो की तेथील लोक कोणताही जीव मारीत नाहीत, मुंग्यांनाही अन्न घालतात, आणि शहरात लंगडी कुत्री, मांजरे व पक्षी यांच्यासाठी इस्पितळे आहेत. लंगडी कुत्री हा शब्द वाचून आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचला.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, १६२३ मध्ये, इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याच शहरी आला. त्याने पक्ष्यांचे इस्पितळ आत जाऊन पाहिले. एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध गृहस्थ नाकावर चष्मा लावून, कापसात ठेवलेल्या उंदरांच्या पोरक्या पिलांना पिसाने दूध पाजीत होता, असे त्याने टिपून ठेवले आहे. पण आम्ही थबकलो ते दुसऱ्याच तपशिलापाशी. या इस्पितळात कोणते पक्षी ठेवीत, हे सांगताना तो आजारी आणि लंगडे यांच्याच रांगेत जोडीदार हरपलेल्या पक्ष्यांचा उल्लेख करतो. म्हणजे दुःखाने एकटा पडलेला जीव हाही रुग्णच, त्याला औषधपाण्याइतकीच देखभाल लागते, हे चारशे वर्षांपूर्वी या गुजरातच्या भूमीत कोणीतरी मानले होते. आमच्या हसण्याची आम्हांस लाज वाटली.

मुंबईच्या पांजरपोळाची जन्मकथा याहून तापट आहे. कंपनी सरकारने मुंबईत वर्षातील ठरावीक मुदतीत मोकाट कुत्री मारण्याची मुभा दिलेली होती. १८३२ साली ती मुदत १५ जूनपर्यंत वाढवली गेली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षीस नगावर दिले की काम करणारा नग मोजतो, मालक पाहत नाही. हा अनुभव आम्ही सेवेत अन्य संदर्भांत पुष्कळ घेतला आहे. शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्माचे स्थान आहे. मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडावी असा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे, आणि त्यांच्या ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथात कुत्र्यास निकृष्ट अन्न घालणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे.

६ जून १८३२ रोजी कोटात सुमारे दोनशे लोकांच्या जमावाने शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. हिंदू, जैन, मुसलमानही पारशांना मिळाले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारे पाव आणि पाणी अडवले गेले. आपला साहेब चहापाव चुकला म्हणजे खरा जागा होतो, हे त्या मंडळींना ठाऊक असावे. लष्कर बोलावले गेले, धरपकड झाली. पुढे शहरातील वजनदार गृहस्थांनी अर्ज केला आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत, अशी तोड निघाली. इतिहासकार या दंगलीत सरकारच्या ढवळाढवळीविरुद्धचा रोष पाहतात, आणि ते योग्यच आहे. तरी आमच्या मते ठिणगी कुत्र्याचीच होती. ती गौण मानू नये.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. भुलेश्वराजवळ तो अद्याप आहे, मात्र आता तेथे मुख्यतः गायी असतात. पुढे १८६० मध्ये लंडनला मेरी टील्बी या बाईंनी हरवलेल्या व भुकेल्या कुत्र्यांसाठी घर उघडले. तेव्हा तिकडच्या वृत्तपत्रांनी त्यांची टर उडवली. तेच १८७१ मध्ये बॅटर्सी येथे गेले आणि जगप्रसिद्ध झाले. त्याच्या मूळ नावात ‘तात्पुरते’ असा शब्द होता, तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. बाईंना कुत्री ठेवून घ्यावयाची नव्हती, पुढे कोणाच्या तरी हाती द्यावयाची होती.

आपल्याकडे प्रश्न राहिला तो मारावे की ठेवावे एवढाच. २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावे असे ठरवले. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने त्यात बदल केला. रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री सोडून बाकीची लस देऊन परत सोडावीत, असे ठरले. कुत्रे चावलेल्या मुलाच्या आईबापांची बाजू आम्ही हलकी मानीत नाही. पण या सर्व वादात मोजली जाते ती जागा. जोडीदार हरपलेल्यांचा खंबायतचा तो रकाना कोठे गळून पडला, ते आम्हांस सापडले नाही.

तो पुन्हा उघडला शास्त्रज्ञांनी, आणि तोही माणसाच्या मुलांवरून. आईपासून दुरावलेल्या बालकांचे दुःख हा ब्रिटिश मनोवैज्ञानिक जॉन बोल्बी यांचा आयुष्यभराचा अभ्यासविषय. १९७३ मध्ये त्यांनी विरहावर स्वतंत्र खंड लिहिला. मेरी एन्सवर्थ यांनी बालकांसाठी एक चाचणी बसवली होती : अनोळखी खोली, अनोळखी माणूस, आई बाहेर जाते आणि परत येते. १९९८ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी हीच चाचणी ५१ कुत्री आणि त्यांचे मालक यांवर केली. धनी बाहेर गेला की कुत्री दाराशी उभी राहत, आणि तो परतला की आधी त्याच्याकडे धावत. त्यांची ओढ आईविषयीच्या बालकाच्या ओढीसारखीच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दाराची फळी आम्ही अजून बदललेली नाही.

मग आम्ही पांजरपोळही पाहून आलो. तेथील व्यवस्थापक सज्जन होते. म्हणाले, “काका, जागा देऊ, अन्न देऊ, औषध देऊ. पण रात्री हिच्याजवळ बसायला माणूस कोठून आणू?” इतके सरळ उत्तर आम्ही आमच्या नोकरीत क्वचितच कोणाला दिले असेल. पुढे एका शेतघराची विचारणा आली. तेथे राखणदार हवा होता आणि मालक आठवड्यातून एकदा येणार. एक तरुण जोडपे फार प्रेमळ, पण दोघेही नऊ ते सात बाहेर. आम्ही नकार दिला तेव्हा ते दुखावले. तीन पायांची कुत्री देताना एवढी चिकित्सा, असे त्यांना वाटले असेल. पायाचा प्रश्न नाही, हे समजावून सांगणे कठीण गेले.

अखेर दांडिया बाजारातील एक शिंपी भेटले. तळमजल्याचे घर, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्यांची पत्नी साड्यांना फॉल लावते, आणि म्हाताऱ्या आई दारातच बसलेल्या. घर कधी रिकामे नसते. त्यांनी एवढेच विचारले, “काका, मशीनचा आवाज चालेल ना तिला?”

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही तिला एकदम सोडले नाही. रोज तिला घेऊन जावयाचे, बसावयाचे, आणि थोडा वेळ बाहेर जाऊन परत यावयाचे. पहिल्या दिवशी दोन मिनिटे, मग पाच, मग पाऊण तास. पहिले चार दिवस ती उंबऱ्याशी उभी राही. सातव्या दिवशी आम्ही उठलो तेव्हा तिने मान वर करून पाहिले आणि पुन्हा पायडलजवळ ठेवली. सौ. वाटेत काही बोलली नाही.

येत्या वैशाखात शिंप्यांच्या भाचीचे लग्न भुसावळला आहे. सगळे घर जाणार. ते पाच दिवस तिपाई आमच्याकडे यावयाची आहे. जिने आहेतच.