ढोलावर बंदी आली तेव्हा

वेस्ट इंडिज म्हटले की आपल्याला पहिल्यांदा आठवते ते क्रिकेट. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने तेथे कसोटी मालिका जिंकली आणि आपल्या पहिल्याच मालिकेत सुनील गावसकरांनी ७७४ धावा केल्या. त्यानंतर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने गावसकरांवर एक गाणे रचले. पाहुण्या फलंदाजाचे कौतुक आणि स्वतःच्या संघाची थट्टा, दोन्ही एकाच गाण्यात! या गानप्रकाराला कॅलिप्सो म्हणतात. चालू घडामोडींवर, मोठ्यांची भीड न बाळगता गाणे रचायचे, गायकाने एक ओळ म्हणायची आणि आपल्या पोवाड्यातल्या झीलकऱ्यांप्रमाणे इतरांनी ती उचलायची, अशी याची जुनी रीत. तिची मुळे पश्चिम आफ्रिकेत आहेत असे जाणकार मानतात.

कॅलिप्सोच काय, क्यूबा, हैती, जमैका, त्रिनिदाद अशा बहुतेक कॅरिबियन बेटांवरच्या संगीताचे नाते आफ्रिकेशी सांगितले जाते. पण येथे एक प्रश्न उभा राहतो. या बेटांवर आफ्रिकेतून आलेली माणसे स्वखुशीने, सामानसुमान बांधून आली नव्हती. त्यांना साखळदंडांत बांधून आणले होते. हातात काहीच नसताना त्यांनी आपले संगीत आणले कसे? आणि ते आणले, हे आज आपल्याला कळते कशावरून?

बंदीच्या कायद्यातला पुरावा

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसांना अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत कोंबले गेले. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत पोहोचली. त्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे कॅरिबियन बेटांवर उतरवली गेली आणि मुख्यतः उसाच्या मळ्यांत जुंपली गेली. एका मळ्यावर वेगवेगळ्या प्रदेशांतली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसे एकत्र येत. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले फारच थोडे मिळते. तेव्हा इतिहासकारांना इतरांनी लिहिलेल्या कागदांतून वाट काढावी लागते.

अशा कागदांत कायद्यांचे स्थान मोठे आहे. बार्बाडोस बेटावरच्या १६८८ सालच्या कायद्याने मळेवाल्यांना फर्मावले, की गुलामांच्या झोपड्या वेळोवेळी तपासाव्यात आणि ढोल, शिंगे वा मोठा आवाज करणारी इतर वाद्ये सापडल्यास जाळून टाकावीत. बंदी नेहमी अस्तित्वात असलेल्या गोष्टीवरच घातली जाते. म्हणजे वाद्ये बरोबर आणता आली नसली, तरी लोकांनी ती नव्या भूमीत पुन्हा घडवली होती, हे त्यांच्या मालकांच्याच कायद्यावरून सिद्ध होते.

दुसरा पुरावा एका डॉक्टरचा आहे. हान्स स्लोन हे इंग्लंडचे वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ १६८७ ते १६८९ या काळात जमैकात होते. पुढे त्यांच्याच संग्रहातून ब्रिटिश म्युझियमची स्थापना झाली. या संग्रहासाठी लागलेल्या पैशाचा एक भाग त्यांच्या पत्नीकडे आलेल्या जमैकातील मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमांतूनच आला होता. १७०७ साली छापलेल्या प्रवासग्रंथात त्यांनी झाडापानांबरोबर गुलामांच्या संगीताचीही नोंद केली. भोपळ्यापासून केलेल्या तंतुवाद्यांचे चित्र दिले आणि बाप्तिस्त नावाच्या संगीतकाराकडून काही गाणी स्वरलिपीत उतरवून घेतली. त्या गाण्यांची नावे ‘अँगोला’, ‘पापा’ आणि ‘कोरोमांटी’ अशी आहेत. अँगोला हा मध्य आफ्रिकेतला प्रदेश, पापा हे आजच्या बेनिन-टोगोच्या किनाऱ्यावरील लोकांचे, तर कोरोमांटी हे आजच्या घानाच्या किनाऱ्यावरून आणलेल्यांचे नाव. कोणते गाणे कोणत्या प्रदेशाचे, हे त्या मेळाव्यात लोकांना ठाऊक होते!

स्लोन यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. पूर्वी गुलामांना ढोल व कर्णे वाजवू देत असत. पण आफ्रिकेत ही वाद्ये युद्धात वापरली जातात, त्यांच्यामुळे बंड पेटेल, म्हणून ती बंद केली गेली. मळेवाल्यांची ही भीती अगदीच निराधार नव्हती. ढोलाने माणसे एकत्र येत, आणि दूरवर निरोपही देता येत असे.

शरीरात साठवलेले ज्ञान

ढोल जाळता येतो, पण तो वाजवण्याचे ज्ञान हातापायांत आणि कानांत साठलेले असते. हे ज्ञान नेमके कसले, ते वर्गात करून पाहता येईल.

एक ते बारा आकडे सारख्या गतीने मोजा आणि १, ३, ५, ६, ८, १०, १२ या आकड्यांवर टाळी द्या. बारापर्यंत आलात की न थांबता पुन्हा एकपासून सुरू करा. हा नमुना घाना-टोगोमधील एवे लोकांच्या आणि नायजेरिया-बेनिनमधील योरुबा लोकांच्या संगीतात लोखंडी घंटेवर वाजवतात. टाळ्यांमधली अंतरे सारखी नाहीत, हे लक्षात येईल. आता अर्ध्या वर्गाला टाळ्या चालू ठेवून १, ४, ७, १० वर पाय आपटायला सांगा. उरलेल्यांनी १, ५, ९ वर आपटावा. टाळ्या त्याच, पण दोन्ही गटांना लय निराळी भासेल. एकाच नमुन्यातून तीनचे आणि चारचे वजन एकाच वेळी निघते. आफ्रिकी वादनाची बरीचशी गंमत या ओढाताणीत आहे.

हाच बारा मात्रांचा, सात ठोक्यांचा नमुना क्यूबामधील योरुबा वंशजांच्या धार्मिक वादनात आजही मिळतो. सारख्या मोजणीच्या टाळ्या जगात कोठेही सुचू शकतील. पण इतका विशिष्ट, असमान अंतरांचा नमुना महासागराच्या दोन्ही काठांवर त्याच देवतांच्या उपासनेत आढळतो, तेव्हा तो योगायोग मानणे कठीण जाते. जीवशास्त्रात समान पूर्वज ओळखण्यासाठी आपण जसा अवयवांच्या बारीक रचनेतील साम्याचा आधार घेतो, तसाच हा प्रकार.

त्रिनिदाद : उसाची आग आणि ताशे

आता एकाच बेटाकडे वळू. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचे त्रिनिदाद आकाराने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडे लहान. ते आधी स्पेनकडे होते. १७८३ नंतर तेथे फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह आले आणि १७९७ साली इंग्रजांनी ते जिंकले. फ्रेंचांनी कार्निव्हल आणले, पण त्यांच्या मेजवान्यांत गुलामांना स्थान नव्हते.

उसाच्या फडाला आग लागली की शंख फुंकून, ढोल बडवून, मशाली घेऊन गुलामांना रात्री-अपरात्री आग विझवायला पिटाळत. या प्रसंगाला फ्रेंच शब्दांवरून ‘कानबुले’, म्हणजे ‘जळका ऊस’, असे नाव पडले. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये सक्तीची उमेदवारीही संपली. त्यानंतर मुक्त झालेल्या लोकांनी त्याच कष्टाच्या प्रसंगाचा उत्सव केला. कार्निव्हलच्या पहाटे मशाली पेटवून, ढोल वाजवत, गाणी म्हणत ते रस्त्यावर उतरू लागले. ढोलांच्या तालावर लाठीचे सामने होत. त्यांना ‘कलिंदा’ म्हणत.

सरकारला हे सारे खुपत होते. १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेन शहरात पोलीस प्रमुख कॅप्टन बेकर यांनी मिरवणूक बळाने अडवली आणि मोठी दंगल झाली. त्यानंतर १८८३-८४ च्या कायद्यांनी रस्त्यावरचे ढोल, मशाली आणि लाठीधारी जमाव यांच्यावर बंधने आली.

याच काळाशी आपलाही एक धागा जोडलेला आहे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४० हजार भारतीय करारबद्ध मजूर त्रिनिदादला गेले. त्यांतले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे होते. त्यांनी मोहरमचे ताबूत आणि ताशे तेथे नेले. या सणाला तेथे ‘होसे’ म्हणतात आणि त्यात हिंदू व आफ्रिकी वंशाचे लोकही सामील होत. १८८४ साली ताबुतांना शहरात येण्यास मनाई झाली. ती न जुमानता सॅन फर्नांडोकडे निघालेल्या मिरवणुकांवर ३० ऑक्टोबर रोजी पोलिसांनी गोळीबार केला. किमान १६ जण ठार झाले, शंभराहून अधिक जखमी झाले. ढोल कोणाचा, हा प्रश्न सत्तेच्या लेखी दुय्यम होता. रस्त्यावर जमणारा, एका तालात चालणारा कष्टकरी समाज तिला नको होता.

कातड्याचे काम बांबूकडे

बंदीनंतर लोकांनी बांबू उचलला. वेगवेगळ्या लांबीचे तुकडे कापून ते जमिनीवर आपटायचे, एकमेकांवर वा काठीने वाजवायचे. कायद्यात ढोल होता, बांबू नव्हता! या वाद्यवृंदाला ‘तांबू-बांबू’ म्हणत. ‘तांबू’ हा ढोल या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा अपभ्रंश. जमिनीवर बांबूच्या नळ्या आपटून वाजवण्याची पद्धत घानातील गा लोकांतही आहे. म्हणजे युक्ती अगदी नवी नव्हती. गरज पडताच ती पुढे आली.

येथे वाद्यांच्या नावांकडे नीट पाहिले पाहिजे. कलिंदाच्या कातडी ढोलांमध्ये ‘फुले’ नावाचे ढोल ठरावीक ताल धरून ठेवत आणि ‘कटर’ नावाचा चढ्या आवाजाचा ढोल त्यावर मनाजोगती करामत करी. तांबू-बांबूमध्ये लांब, जाड ‘बूम’ खर्ज सांभाळू लागला आणि ‘फुले’ व ‘कटर’ ही नावे इतर बांबूंना मिळाली. एवढेच नव्हे, तर त्रिनिदादच्या भारतीय ताशावृंदातही मुख्य ताशाला ‘कटर’ आणि साथीच्या ताशाला ‘फुले’ म्हणतात. वस्तू बदलली, वाजवणाऱ्यांचा वंश बदलला, पण कामाची वाटणी आणि तिचे नाव टिकले.

डब्यापासून वाद्यापर्यंत

डांबरी रस्त्यावर आपटून बांबू लवकर फुटतो. १९३० च्या दशकात पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतील मुलांनी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या डब्यांची झाकणे, मोटारींचे निकामी भाग हाती घेतले. मोठ्या बिस्किटडब्याला त्यांनी नाव दिले ‘कफ-बूम’. बांबूचा बूम आता पत्र्याचा झाला होता.

बडवून बडवून डब्याला पोचे पडत आणि प्रत्येक पोच्याचा आवाज निराळा येई. कित्येकांनी हे ऐकून सोडून दिले असते. या मुलांनी ते ध्यानात ठेवले आणि हवा तो स्वर मिळेपर्यंत पत्रा ठोकायला सुरुवात केली. महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ या काळात रस्त्यावरचे कार्निव्हल बंद होते, तरी वस्त्यांत प्रयोग चालू राहिले. १९४६ च्या कार्निव्हलमध्ये विन्स्टन सायमन यांनी गव्हर्नरांसमोर पत्र्याच्या डब्यावर ओळखीची गाणी वाजवून दाखवली. एली मॅनेट यांनी सुमारे २०० लिटरच्या तेलाच्या पिंपाचा तळ वाटीसारखा आत ठोकून अधिक स्वरांना जागा केली. त्रिनिदादमध्ये खनिज तेल निघते, युद्धकाळात तेथे अमेरिकी तळही होता. त्यामुळे रिकाम्या पिंपांची वाण नव्हती.

या वाद्याला स्टीलपॅन किंवा नुसतेच ‘पॅन’ म्हणतात. ते असे घडते : पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून खोलगट करतात. त्यावर प्रत्येक स्वराची जागा आखून कडेने खाच उठवतात. पिंप कापून जाळावर तापवतात, मग थंड करतात. शेवटी एकेक जागा खालून-वरून ठोकत स्वर लावतात. लहान जागेतून वरचा स्वर निघतो, मोठ्या जागेतून खालचा. म्हणून एका लहान पॅनवर २८-२९ स्वर मावतात, तर खर्जाच्या पिंपावर अवघे तीन. जाणता कारागीर मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट वारंवारतेचा उपस्वरही त्याच जागेत जुळवतो. पॅनचा झळझळीत नाद त्यातूनच येतो.

आणखी एक अडचण होती. पत्रा सलग असल्याने एक स्वर वाजवला की शेजारचाही सतारीच्या तरफांप्रमाणे कंप पावतो. अँथनी विल्यम्स यांनी स्वर अशा क्रमाने मांडले, की शेजारी-शेजारी षड्ज-पंचमाचे नाते यावे, म्हणजे वारंवारतेचे गुणोत्तर ३:२ राहावे. मग शेजाऱ्याचा कंप खटकण्याऐवजी गोडवा वाढवू लागला. हे काम प्रयोगशाळेत झालेले नाही. ते अंगणांत, कानाच्या भरवशावर झाले. निरीक्षण, प्रयोग, चूक, सुधारणा ही विज्ञानाची पद्धत मात्र तीच होती.

१९५१ साली निवडक वादकांचा संघ लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजवून आला. गुंडांचा धांगडधिंगा म्हणून या वादनाकडे पाहणाऱ्या त्रिनिदादच्या प्रतिष्ठितांनाही त्याची दखल घ्यावी लागली.

मग यात आफ्रिकी काय?

आफ्रिकेत स्टीलपॅन नव्हता. पिंप तेलउद्योगाचे, स्वरसप्तक युरोपचे, कार्निव्हल फ्रेंचांचे, शेजारी ताशा भारताचा. तेव्हा पॅन ‘शुद्ध आफ्रिकी’ आहे असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण सगळे येथेच नव्याने सुचले, असे म्हणणेही तितकेच चूक. खर्ज, ठेका आणि त्यावरची करामत ही कामाची वाटणी, एकमेकांत गुंतणाऱ्या लयी, ठोक्याच्या वाद्याकडून गाणे काढून घेण्याची दृष्टी हा ठेवा कातडे, बांबू आणि पत्रा अशा तीन पदार्थांतून पार झाला आहे. वारसा म्हटला की आपण विद्यार्थ्यांना संग्रहालयातली वस्तू दाखवतो. येथे वस्तू पुन्हा पुन्हा नष्ट केली गेली. टिकला तो ती पुन्हा घडवण्याचा वकूब. ज्यांना ‘संस्कृती नसलेले’ म्हणून विकले गेले, त्यांच्याबद्दल हे समजणे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते.

१९९२ साली स्टीलपॅन त्रिनिदाद व टोबॅगोचे राष्ट्रीय वाद्य म्हणून घोषित झाले. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला. या देशाच्या राजचिन्हावर १९६२ पासून कोलंबसची तीन जहाजे होती. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने ती काढून त्या जागी स्टीलपॅन आणण्याचे जाहीर केले. ज्यांच्या ढोलांवर कधी कायद्याने बंदी घातली होती, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी घडवलेले हे वाद्य.