डाऊन पेमेंटलाही जात असते

"नवरा-बायको दोघेही कमावता, मग अजून भाड्याच्या घरात कसे?" आपल्या समाजातल्या शिकलेल्या तरुण जोडप्यांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. वर फुकटचा सल्लाही मिळतो: खर्च कमी करा, बचत करा, कर्ज काढा. जणू घर न होणे हा उधळपट्टीचा परिणाम आहे. मित्रांनो, मुंबईतल्या मध्यमवर्गाची घरे नेमकी कशी उभी राहिली, हा इतिहास समजून घेतला की या सल्ल्याचा पोकळपणा उघडा पडतो.

आधी साधा हिशेब करू. समजा, फ्लॅट एक कोटीचा आहे आणि दोघांचे मिळून सव्वा लाख रुपये महिना हातात येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज ७५ लाखांच्या वर गेले की बँकेला किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त देता येत नाही. म्हणजे २५ लाख स्वतःचे हवेत. त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ३० हजार. एकूण ३१ लाख ३० हजार रोख. ७५ लाखांच्या कर्जाचा साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे ६५ हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त पगार. तरीही हप्ता पोटाला चिमटा काढून भरता येईल. घोडे अडते ते ३१ लाखांवर. भाडे भरून महिना १५ हजार शिल्लक टाकले, तर व्याज सोडता ही रक्कम जमायला १७ वर्षांहून अधिक काळ लागतो. तोवर घराची किंमत थांबून राहील का?

मग त्याच पगाराचा शेजारच्या टेबलावरचा सहकारी घर कसे घेतो? बहुतेक वेळा वडिलांचा फ्लॅट विकून किंवा गावची जमीन विकून. म्हणून प्रश्न पगाराचा कमी आणि वारशाचा जास्त आहे. हा वारसा आला कुठून?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जमिनी ताब्यात घेतल्या, रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. तिच्यामागे रावबहादूर तालमकींचे कष्ट होते आणि पगारदार माणसाने एकत्र येऊन घर उभारण्याची ती वाट खरोखर चांगली होती. सहकाराला आपला आक्षेप नाही. पण त्या वाटेवर प्रवेश कोणाला होता? ज्ञातीच्या सभासदांना. मुंबईतला गृहनिर्माण सहकार जन्मला तोच जातीच्या पायावर.

त्याच काळात आपल्या माणसांच्या वाट्याला काय आले? त्याच ट्रस्टच्या चाळीतली खोली. पुढे १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या: १६० चौरस फुटांची खोली, संडास सामाईक. तिथे कोकणातले आणि घाटावरचे इतर जातींचे कामगारही होते, हे खरेच. पण फरक लक्षात घ्या. एकाला भूखंड मिळाला, दुसऱ्याला भाडेपावती. भूखंडाची किंमत पिढ्यान्पिढ्या वाढत गेली. भाडेपावती तारण ठेवून कोणती बँक कर्ज देते?

नुसत्या कमाईने प्रश्न सुटत नाही, हे बाबासाहेबांच्या आयुष्यानेच दाखवले आहे. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर झाले. पदवी होती, पगार होता, पण पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले आणि अख्ख्या शहरात डोक्यावर छप्पर मिळाले नाही. सिडनहॅम कॉलेजचे प्राध्यापक आणि नंतर बॅरिस्टर झाल्यावरही परळच्या ट्रस्टच्या चाळीतच ते वर्षानुवर्षे राहिले. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले ते १९३० च्या दशकात.

गिरणीतही तेच. कापड खात्यात मजुरी चांगली, पण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. चांगली मजुरीच नाकारली, तर शिल्लक कशातून पडणार?

राहिली गावची जमीन. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्येच विधेयक मांडले. प्रत्यक्षात वतने रद्द करणारा कायदा आला १९५८ मध्ये. जमिनी परत मिळाल्या त्या 'नवीन शर्ती'वर: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय हस्तांतर नाही. इतरांची जमीन अडीअडचणीला भांडवल बनते. आपली जमीन सातबाऱ्यावरच अडकून पडते.

स्वातंत्र्यानंतर आरक्षणामुळे आपली पहिली पिढी सरकारी नोकरीत आली. तिला क्वार्टर मिळाले, पण निवृत्तीला ते रिकामे करावे लागले. फंडाचे पैसे गेले मुलांच्या शिक्षणात आणि गावाकडच्या भावंडांच्या संसारात. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये गुंडाळला, म्हणजे आपली शिकलेली पिढी बाजारात उतरत होती तेव्हाच सरकारने जमिनीवरचा एक हात काढून घेतला. त्याआधी २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. १९१५ चा दरवाजा असा २१ व्या शतकातही कायदेशीर राहिला.

कोणी म्हणेल, आज घर तर सवर्ण मध्यमवर्गालाही परवडत नाही. बरोबर आहे. पण त्याच्यापाठी आजोबांचा भूखंड असतो आणि आपल्यापाठी आई-वडिलांच्या आजारपणाची जबाबदारी. दोघांचा पगार सारखा असला तरी सुरुवातीची रेषा सारखी नाही.

मग करायचे काय? बीडीडी चाळींकडेच पाहा. पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर देण्याचे ठरले. हे का शक्य झाले? कारण जमीन सार्वजनिक होती. घर परवडते ते जमिनीची किंमत बाजाराच्या हातातून काढल्यावर, हाच शंभर वर्षांचा धडा आहे. दादरच्या भूखंडांनाही तो लागू होता.

म्हणून सार्वजनिक जमिनीची विक्री रोखण्याचा प्रश्न आपल्या चळवळीच्या अजेंड्यावर आला पाहिजे. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात, पण सुरुवातीची रक्कम उभी राहिली नाही तर लागलेले घरही हातचे जाते. त्या रकमेसाठी बिनव्याजी सरकारी कर्ज मागा. सरकारी जमिनीवरच्या संस्थांमध्ये मागासवर्गीय सभासद खरोखर घेतले आहेत का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. वतनाच्या जमिनीवरचा नजराणा रद्द करण्याची मागणी लावून धरा. आणि घर होईल तेव्हा करारावर दोघांची नावे घाला. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकींचे नाव मालकीच्या कागदावर असलेच पाहिजे.

घर झाले नाही म्हणून मान खाली घालू नका. बचतीचा सल्ला देणाऱ्याला एकच विचारा: तुमचे डाऊन पेमेंट कोणत्या पिढीने भरले होते?

जय भीम!