मधेच ‘स्विच ऑफ’ होणारे पल्सार कसे सापडतात?

पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. दीपगृहासारखा त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून फिरतो आणि दुर्बिणीला ठरावीक अंतराने ठोके मिळतात. पण आपल्या आकाशगंगेतले काही पल्सार मधेच चक्क गप्प होतात!

सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे पीएसआर बी१९३१+२४. एक फेरी साधारण ०.८ सेकंदात. ब्रिटनमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेच्या ७६ मीटरच्या लोव्हेल दुर्बिणीने त्याच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली, तेव्हा त्याची सवय कळली. ५ ते १० दिवस सिग्नल, मग २५ ते ३५ दिवस शुकशुकाट.

खरी गंमत पुढे आहे. मायकल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की सिग्नल चालू असताना हा तारा सुमारे ५० टक्के जास्त दराने मंदावतो. म्हणजे ताऱ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहणारे विद्युतभारित कणच त्याला ब्रेक लावतात. प्रवाह तुटला की सिग्नलही गेला आणि तो जादा ब्रेकही सुटला.

शोधायला मात्र हे प्रकरण वैतागवाणं. सर्वेक्षणात दुर्बीण आकाशाच्या एका तुकड्याकडे बऱ्याचदा काही मिनिटंच बघते. हा पल्सार जेमतेम २० टक्के वेळ चालू, म्हणजे एका नजरेत तो निसटणार हेच जास्त शक्य! म्हणून तोच तुकडा पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. जे१८४१-०५०० तर सापडल्यावर साधारण वर्षभराने गायब झाला आणि परत दिसला तो तब्बल ५८० दिवसांनी.