परमुलखातील जमीन आणि नोंदवहीची साक्ष

बायबलमध्ये जमीनखरेदीचा जो पहिला व्यवहार तपशिलाने नोंदलेला आहे, तो एका परक्या माणसाचा आहे. उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात अब्राहामाची पत्नी सारा हेब्रोन येथे मरण पावते. त्या मुलखात अब्राहाम उपरा. तंबू ठोकण्यापुरती जागा त्याला मिळाली होती. परंतु मृताला पुरण्यासाठी स्वतःची म्हणता येईल अशी हातभर जमीन त्याच्यापाशी नव्हती. तो हित्ती लोकांपुढे नमून एफ्रोनाची मकपेला येथील गुहा विकत मागतो. एफ्रोन शेतासह गुहा फुकट देऊ करतो. अब्राहाम ते मान्य करीत नाही आणि रुप्याचे ४०० शेकेल वेशीवर जमलेल्या सर्वांसमक्ष तोलून देतो. त्याची ही सावधगिरी लक्षात घेण्याजोगी आहे. औदार्याने मिळालेली जमीन, दात्याचे मन पालटले किंवा त्याचे मुलगे कर्ते झाले, की परत मागितली जाऊ शकते. चारचौघांत मोजलेल्या चांदीला साक्षीदार असतात. शेत, गुहा आणि शिवेच्या आतील झाडे यांचा त्या व्यवहारात वेगवेगळा उल्लेख आहे. आपल्या जुन्या सनदांतून ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण’ अशी जी मोजदाद येते, तिचाच हा दूरचा नातलग म्हणावयास हरकत नाही.

आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली आज ऑस्ट्रेलियात, कॅनडात घरे घेत आहेत, आणि त्यासाठी इकडच्या वाडीचा एखादा तुकडा विकून आईबाप पैसे पाठवीत आहेत. तेव्हा परमुलखात जमिनीची मालकी एका हातून दुसऱ्या हाती नेमकी केव्हा आणि कशाने जाते, हा प्रश्न केवळ वकिलांचा राहिलेला नाही. त्याला मोठा इतिहास आहे आणि तो जाणून घेण्यासारखा आहे.

पूर्वी गावात मालकीला कागदाचा फारसा आधार लागत नसे. बांध कुठला, विहीर कुणाची, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठ असे. इंग्लंडमध्ये कित्येक शतके जमीन विकणारा घेणाऱ्याला त्या जमिनीवरच नेई आणि साक्षीदारांच्या देखत मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी त्याच्या हाती ठेवी. तेवढ्याने मालकी पालटे. लेखी दस्ताची सक्ती तेथे १६७७ च्या कायद्याने आली. आपल्याकडे भूमिदान देताना उदक सोडीत. ढेकूळ काय किंवा उदक काय, दोन्ही विधींचे बळ पाहणाऱ्यांच्या स्मरणात होते. परक्या माणसाची अडचण नेमकी येथेच आहे. गावाच्या स्मरणात तो नसतोच.

कायदाही त्याच्या बाजूचा नव्हता. इंग्लंडात परदेशी माणसाने जमीन घेतली तरी राजसत्तेला ती जप्त करता येत असे. १८७० च्या कायद्याने परकीयांना तेथे स्थावर मालमत्ता बाळगण्याचा हक्क मिळाला. फ्रान्समध्ये परका मेला की त्याची मालमत्ता राजाकडे जाई. राज्यक्रांतीने १७९० साली ही चाल मोडली, पुढे ती अंशतः परत आली, आणि १८१९ साली कायमची गेली.

मोठा बदल झाला तो मात्र लंडनला किंवा पॅरिसला नव्हे. तो झाला दक्षिण ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड या नवख्या गावात. ही वसाहत १८३६ साली स्थापन झाली. तेथे उतरलेला प्रत्येक युरोपीय माणूस उपराच होता. चार पिढ्यांचे शेजारी कुणालाच नव्हते. जमिनीच्या व्यवहारासाठी मात्र इंग्लंडची जुनी पद्धत आणली गेली. विकणाऱ्याने आपली मालकी सिद्ध करण्यासाठी मागच्या सर्व खरेदीखतांची साखळी दाखवावयाची, वकिलाने ती कडीकडीने तपासावयाची, आणि एखादी कडी निसटलेली असली तर सारा व्यवहार डळमळावयाचा. माणसे हौसेने जमिनी घेत, विकत आणि दुसरीकडे निघून जात. कागद हरवत. वकिलांची बिले वाढत.

रॉबर्ट रिचर्ड टॉरेन्स हा १८४० साली या वसाहतीत जकात अधिकारी म्हणून आला. तो वकील नव्हता, आणि ते एका परीने बरेच झाले. जहाजांच्या नोंदणीची रीत त्याच्या रोजच्या परिचयाची होती. जहाजाचे ६४ हिस्से असत आणि हिस्सा कुणाच्या नावावर आहे ते बंदराच्या नोंदवहीत पाहिले की काम भागे. जमिनीचे तसे का होऊ नये? हॅम्बुर्गहून आलेले उलरिख ह्यूबे नावाचे जर्मन कायदेपंडितही अ‍ॅडलेडमध्ये होते आणि त्यांच्या शहरातील भूनोंदणी त्यांना ठाऊक होती. या सुधारणेचे श्रेय टॉरेन्सचे किती आणि ह्यूबेंचे किती, हा वाद तेथील अभ्यासकांत अजून चालतो. टॉरेन्स १८५७ च्या सप्टेंबरात महिनाभर वसाहतीचा पंतप्रधान होता. १८५८ च्या जानेवारीत त्याचा कायदा मंजूर झाला, आणि तो राबविण्यासाठी त्याने स्वतः नोंदणी खात्याचे मुख्य पद स्वीकारले. वकीलवर्गाने विरोध केला. बेंजामिन बूथबी नावाच्या न्यायाधीशाने तर या कायद्याशी उभा दावा मांडला. अखेर १८६७ साली बूथबीलाच पदावरून दूर व्हावे लागले. १८७४ पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या सर्व वसाहतींनी ही पद्धत स्वीकारली होती, आणि न्यूझीलंड व कॅनडाचे अनेक प्रांतही तिच्याखाली आले.

तिचे मर्म समजावून सांगताना मला आपल्या धर्मग्रामाच्या दप्तराचे उदाहरण सोयीचे वाटते. बाप्तिस्मा होतो तो पाण्याने आणि शब्दाने; नोंदवही त्याची साक्ष ठेवते. वहीचे पान वाळवीने खाल्ले तरी बाप्तिस्मा झालेलाच राहतो. आपल्या देशातील खरेदीखताचे काहीसे असेच आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदलेला दस्त अंमलात येतो तो नोंदणीच्या दिवसापासून नव्हे. नोंदणी लागत नसती तर तो ज्या दिवसापासून अंमलात आला असता, त्या दिवसापासून. आणि येथे नोंद होते ती दस्ताची. विकणारा खरोखर मालक होता याची हमी सरकार देत नाही. सातबारा आणि फेरफार ही तर महसुलाची कागदपत्रे; मालकीचा वाद पडला की न्यायालये तेवढ्यावर निकाल देत नाहीत. टॉरेन्सच्या पद्धतीत याच्या उलट आहे. तेथे नोंद हेच पाणी. सही झाली, पैसे दिले, किल्ली हाती आली, तरी वहीत नाव चढेपर्यंत कायदेशीर मालक जुनाच. आणि नाव चढले की मागची साखळी कुणी विचारीत नाही. वहीच्या चुकीमुळे निरपराध माणूस बुडाला तर भरपाई देण्याची सोयही त्या कायद्यात केलेली होती.

मग लबाडीचे काय? १८९१ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आलेला एक खटला परदेशी राहणाऱ्या प्रत्येक घरमालकाने वाचावा असा आहे. व्हिक्टोरिया वसाहतीतील मिसेस मेसर ही बाई स्वतः वसाहतीबाहेर होती. तिचे मालकीचे प्रमाणपत्र क्रेसवेल नावाच्या वकिलाच्या ताब्यात होते आणि तिच्या पतीकडे मुखत्यारपत्र होते. वकिलाने पतीची खोटी सही करून जमीन ‘ह्यू कॅमेरॉन’ या माणसाच्या नावे चढविली. असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नव्हताच. पुढे या काल्पनिक मालकाच्या वतीने जमीन गहाण टाकून वकील पैशांसह पसार झाला. प्रिव्ही कौन्सिलने बाईची जमीन गहाणातून मोकळी केली. अस्तित्वात नसलेल्या माणसाशी व्यवहार करणाऱ्या सावकाराला वहीचा आडोसा मिळू शकत नाही, असे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले. परंतु १९६७ च्या फ्रेझर विरुद्ध वॉकर या न्यूझीलंडच्या खटल्यात निकाल दुसऱ्या बाजूला गेला. पत्नीने पतीची खोटी सही करून दोघांची जमीन गहाण टाकली, कर्ज थकले, लिलावात ती जमीन वॉकर यांनी घेतली आणि वहीत त्यांचे नाव लागले. वॉकर निर्दोष होते. म्हणून जमीन त्यांचीच राहिली. पतीच्या अंगावर काटा आणणारा असाच हा निकाल आहे, पण तोच निकाल उद्याच्या परक्या खरेदीदाराला निर्धास्त करतो.

आपल्या घरांच्या दृष्टीने दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. वहीत ज्याचे नाव, तो मालक. वाडी विकून पाठविलेला पैसा वहीत दिसत नाही, आणि ऑस्ट्रेलियाचा कायदा आईबापांनी मुलाला दिलेला पैसा, उलट सिद्ध होईपर्यंत, देणगीच धरतो. तो कर्जाऊ दिला असेल तर तसे आधीच लिहून घेण्यात दुरावा मानण्याचे कारण नाही. अब्राहामानेही एफ्रोनाच्या गोड बोलण्यावर भिस्त ठेवली नव्हती. दुसरी गोष्ट नवराबायकोच्या नावांची. एका प्रकारच्या संयुक्त मालकीत एक गेला की त्याचा हिस्सा आपोआप उरलेल्याकडे जातो, मृत्युपत्र काहीही म्हणो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा राहतो आणि मृत्युपत्राने देता येतो. कोणता प्रकार नोंदवावयाचा, हे सही करण्यापूर्वी विचारावे.

बाकी सोपस्कार देशोदेशी पालटत असतात. परदेशी नागरिकाला ऑस्ट्रेलियात घर घेण्यापूर्वी सरकारची अनुमती लागते, आणि १ एप्रिल २०२५ पासून तर, थोडे अपवाद सोडता, त्याला जुने, वापरातले घर घेण्यास तात्पुरती मनाई करण्यात आली. कॅनडाने तशी मनाई १ जानेवारी २०२३ पासून घातली आणि पुढे तिची मुदत वाढविली. इकडून पैसे पाठविण्यास रिझर्व्ह बँकेने २०१५ साली माणशी, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा ठरविली. न्यू साउथ वेल्समध्ये मालकीचे कागदी प्रमाणपत्र ११ ऑक्टोबर २०२१ रोजी रद्द झाले. तेथील घराचा कागद आता कपाटात जपून ठेवता येत नाही; तो नसतोच.

या साऱ्या इतिहासात एक पान मात्र अस्वस्थ करणारे आहे. अ‍ॅडलेड वसले त्या मैदानी मुलखात कौर्ना लोक हजारो वर्षे राहत होते. १८३६ च्या राजसनदेत त्यांच्या प्रत्यक्ष वहिवाटीच्या जमिनींना धक्का लागू नये असे कलम होते. ते कागदावरच राहिले. टॉरेन्सची वही उघडली तेव्हा तिच्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. उपऱ्यांना निर्धास्त करणाऱ्या वहीने मूळच्या रहिवाशांनाच उपरे केले. त्यांचे हक्क होते ते स्मरणात, गीतांत आणि पाणवठ्यांच्या नावांत. म्हणजे जेथे आपल्याही वाडवडिलांचे होते तेथेच.

टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटावरचे एडी माबो आणि त्यांचे सोबती आपल्या बागांचे बांध घेऊन न्यायालयात गेले. (टॉरेस हे नाव एका जुन्या दर्यावर्दी कप्तानाचे, आपल्या टॉरेन्सशी त्याचा संबंध नाही.) ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने मान्य केले, की गोऱ्यांच्या आगमनापूर्वीचे हक्क आपोआप बुडालेले नव्हते. माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. ज्या जमिनी सरकारने खासगी मालकीने देऊन टाकल्या होत्या, त्यांवरचे जुने हक्क मात्र संपलेलेच धरले गेले. त्यामुळे कौर्ना लोकांनी २००० साली दावा लावला, तेव्हा शहरातील घरे आणि अंगणे त्यातून आधीच वगळल्यासारखी होती. २१ मार्च २०१८ रोजी निकाल झाला. अ‍ॅडलेडच्या परिसरातील जमिनीचे १७ तुकडे त्यांच्या नावे मान्य झाले.