संग्रहालयातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि तिचे नेतृत्व : पोहरादेवी येथील नंगारा वास्तुसंग्रहालयाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात असलेले पोहरादेवी हे स्थान बंजारा समाजाची काशी म्हणून सर्वपरिचित आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे येथे देशाच्या अनेक राज्यांतून भाविक येतात. याच ठिकाणी 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगाऱ्याच्या, म्हणजे नगाऱ्याच्या, आकाराची ही वास्तू असून तिच्यात 13 दालने आहेत. आधुनिक संग्रहालय म्हटले की पडदे, प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा, कॅमेरे व संगणक हे ओघाने आलेच. सर्वसाधारणपणे या यंत्रणेकडे वास्तूच्या विद्युतजोडणीचा एक भाग म्हणून पाहिले जाते व तिची जबाबदारी यंत्रे पुरविणाऱ्या कंत्राटदाराकडे सोपविली जाते. मौखिक परंपरेच्या समाजाचे संग्रहालय असेल तर ही समजूत मुळातच चुकीची ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अशा ठिकाणी ध्वनिमुद्रण हे वस्तूची माहिती देणारे साधन नसून तीच संग्रहातील वस्तू होय.

ताम्रपट, पोलिसी वृत्तांत आणि गाणे

वाशिमच्या इतिहासाची साधने या दृष्टीने उद्बोधक आहेत. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा येथून दिलेला ताम्रपट 1939 साली प्रकाशात आला आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास नव्याने मांडावा लागला. वंशावळीचा भाग संस्कृतात, उर्वरित दानलेख प्राकृतात व काळ राज्यवर्ष 37 असा हा लेख आहे. सुमारे पंधराशे वर्षे कोणी त्याची देखभाल केली नाही, तरीही तो वाचता आला. तांब्याचा हा गुण हार्ड डिस्कमध्ये नाही. दहा वर्षे दुर्लक्षित राहिलेली डिस्क पुन्हा सुरू होईलच, याची हमी तिचा निर्माताही देत नाही.

बंजारा समाजाचा इतिहास प्रामुख्याने अशा ताम्रपटांवर उभा नाही. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहून नेणाऱ्या तांड्याचा इतिहास ढाडी-भाटांच्या मुखी असलेल्या वंशावळींत, होळीच्या लेंगीत आणि विवाहप्रसंगीच्या ढावल्यात साठविलेला आहे. 1867 साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली आणि या वाहतुकीचा पाया खचला. 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आला. याच काळात वाशिम, म्हणजे तत्कालीन बासिम, येथील जिल्हा पोलीस अधीक्षक कंबरलेज याने बंजाऱ्यांविषयी एक वृत्तांत लिहिला. तो 1882 साली मुंबईत छापला गेला. पुढे 1916 साली रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या ग्रंथात त्याचा आधार घेतला. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील बंजाऱ्यांविषयीचे एक प्रमुख मुद्रित साधन पोलीस अधिकाऱ्याच्या लेखणीतून उतरलेले आहे. रसेल-हिरालाल यांचा ग्रंथ आज गुटेनबर्ग प्रकल्पामुळे कोणत्याही संगणकावर विनामूल्य वाचता येतो व त्यात शब्द शोधताही येतो. ढाडीने सांगितलेली वंशावळ मात्र तशी शोधता येत नाही. शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यासमोर प्रथम कोणाची साक्ष येते, हे अशा रीतीने आज संगणकच ठरवीत आहे.

ध्वनीचे जतन

ध्वनी टिकतो, परंतु आपोआप नव्हे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाने बंजारी अथवा लभाणी भाषेची नोंद 1907 सालच्या खंडात घेतली. त्याच सर्वेक्षणाच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांत तयार झालेल्या ग्रामोफोन तबकड्यांचे ध्वनी आज महाजालावर ऐकता येतात, कारण प्रत्येक तबकडीला क्रमांक होता आणि त्या जपणाऱ्या संस्था होत्या. 1982 साली पुण्यात सुरू झालेल्या व नंतर दिल्ली परिसरात गेलेल्या संगीत-मानववंशशास्त्र अभिलेखागारानेही भारतीय मौखिक संगीताच्या मुद्रणांचे असेच जतन केले. याउलट चुंबकीय फितींचे भवितव्य पाहावे. फिती शिल्लक आहेत, पण त्या वाजविणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे हात नाहीसे होत आहेत. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने 2015 साली इशारा दिला होता, की 2025 पर्यंत ज्या फितींचे अंकीकरण होणार नाही त्या बहुधा कायमच्या गमवाव्या लागतील. तांड्यातांड्यांतील लग्नांच्या कॅसेटी याच वर्गात मोडतात.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. ध्वनी अभिलेखागारांत शिफारस केल्या जाणाऱ्या 96 किलोहर्ट्झ व 24 बिट या प्रमाणाने दोन वाहिन्यांच्या एका तासाच्या मुद्रणास सुमारे 2 गिगाबाइट जागा लागते. हजार तासांसाठी सुमारे 2 टेराबाइट पुरे. तीन प्रती ठेवल्या व त्यांपैकी एक जिल्ह्याबाहेर ठेवली, तरी हा आकडा सुमारे 6 टेराबाइटच होतो. दालनातील एका मोठ्या पडद्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ होय. अडचण आहे ती दरवर्षी या प्रती तपासून पाहणाऱ्या माणसाची.

नोंद, लिपी आणि यंत्र

संग्रहालयात संगणक आला तो मुळात नोंदवहीचा मदतनीस म्हणून. न्यूयॉर्कमध्ये 1967 साली काही संग्रहालयांनी एकत्र येऊन संग्रहालय संगणक जाळे स्थापले, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न सूचीचाच होता. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. दिनेश कात्रे यांच्या नेतृत्वाखाली 'जतन' ही संगणकप्रणाली विकसित झाली व तिच्या आधारे 2014 साली भारतीय संग्रहालयांचे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. त्यात प्रारंभी 10 संग्रहालये होती. सूचीकडे दुर्लक्ष झाले तर मोठ्या संस्थेचेही काय होते, ते 2023 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दिसले. तेथील सुमारे 2000 वस्तू हरवल्या, चोरीस गेल्या वा खराब झाल्या आणि त्यांतील पुष्कळ वस्तूंची पुरेशी नोंदच नव्हती. कॅमेरे आणि पहारेकरी तेथे नव्हते असे कोण म्हणेल?

पोहरादेवीच्या बाबतीत नोंदीचा प्रश्न अधिक बिकट आहे. गोरबोलीला सर्वमान्य अशी स्वतंत्र लिपी नाही. ती महाराष्ट्रात देवनागरीत, तेलंगणात तेलुगूत व कर्नाटकात कन्नडमध्ये लिहिली जाते. युनिकोडमध्ये या तिन्ही लिप्यांना वेगवेगळे संकेतांक असल्याने एकच शब्द संगणकाला तीन निराळे शब्द वाटतात. 'लेंगी' असा शोध घेणाऱ्यास कन्नड लिपीत नोंदविलेली लेंगी सापडणार नाही. ही जोडणी कोणी भाषेच्या जाणकाराने आधी करून ठेवावी लागते. लिपीच्या अशा गैरव्यवस्थेचा फटका प्रस्तुत लेखकासही बसला आहे. एम.फिल.ची प्रबंधिका टंकलेखकाने जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकित केली होती. काही वर्षांनी ती धारिका उघडली तेव्हा मराठीच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांच्या ओळी दिसल्या. छापील प्रत होती म्हणून निभावले. गाण्याची छापील प्रत नसते.

नेतृत्व कोणाचे?

वरील विवेचनावरून संग्रहालयाच्या इलेक्ट्रॉनिक विभागाचा प्रमुख कसा असावा, हे ठरते. त्याला यंत्रांचे ज्ञान हवे, हे उघड आहे. यंत्रे दुरुस्त करणारा तंत्रज्ञ मात्र कंत्राटावर मिळू शकतो. कोणत्या ढाडीचे मुद्रण आधी करावे, हे त्या तंत्रज्ञाला ठरविता येणार नाही. हा प्रमुख गोरबोली जाणणारा, नोंदवहीवर स्वाक्षरी करण्याचा अधिकार असलेला व अभिरक्षकाच्या दर्जाचा असावा. ध्वनिधारिकांची मालकी संग्रहालयाकडे राहील, त्या सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपातच असतील आणि करार संपताच मूळ प्रती परत मिळतील, या अटी त्याने यंत्रखरेदीच्या निविदेतच घालाव्यात. पडदा बिघडला तर नवा घेता येतो. धारिका पुरवठादाराच्याच प्रणालीत अडकली तर तिच्यातील आवाजही गेला.

त्याच्याकडे आणखी एक निर्णय येतो आणि तो यंत्राचा नाही. ढावलो ही सासरी निघालेल्या नवरीने आईवडील, भाऊ व मैत्रिणींचा निरोप घेताना रडत गायिलेली गीते होत. ती दालनात बोट लावताच वाजावीत का? वाजावीत तर कोणापुढे? गाणारी आज आजी झाली असेल, तिला किंवा तिच्या लेकीनातींना कोणी विचारले आहे का? म्हणून नोंदवहीत गाणारीचे नाव, तांडा, मुद्रणाची तारीख व भाषा या रकान्यांबरोबर संमतीचाही रकाना असावा आणि तो भरल्यावाचून कोणतीही धारिका दालनातील यंत्रावर चढवू नये. हा रकाना तांड्यात जाऊन, तिच्यासमोर बसून आणि तिच्याच बोलीत विचारून भरावा लागेल.